कसं आणायचं ते ऐक

माणसाने आपल्याला काय हवं तेवढंच सांगावं आणि गप्प बसावं, अशी अपेक्षा बाळगणारा एक गृहस्थ होऊन गेला. एडगर कॉड त्याचं नाव. जन्म इंग्लंडातला, दुसऱ्या महायुद्धात वैमानिक, पुढे आयबीएममध्ये संशोधक. 1970 च्या जूनमध्ये त्याने अकरा पानांचा एक निबंध छापला आणि त्यातून पुढे रिलेशनल डेटाबेस नावाचं अवाढव्य प्रकरण उभं राहिलं. निबंधात गणित बरंच आहे, पण सारांश पोस्टकार्डावर मावेल. माहिती टेबलांत ठेवा. मागणाऱ्याने काय हवं ते सांगावं. ती कुठून, कुठल्या वाटेने, कोणाला ओलांडून काढायची ते यंत्राने बघावं. मागणाऱ्याने त्यात नाक खुपसू नये.

कॉड मराठी घरात वाढलेला नव्हता, हे यावरून उघड आहे. आपल्याकडे ‘कोथिंबीर घेऊन ये’ हे वाक्य पूर्णविरामाने संपलेलं कोणी ऐकलेलं नाही. त्याच्या शेपटीला असतंच: ‘कोपऱ्यावरच्याकडून नको, तो पिवळी गळ्यात मारतो. देवळाशेजारी मावशी बसतात, त्यांच्याकडून घे. जुडी उलटी करून बघ. वीस सांगतील, पंधराला माग. मावशी नसल्या तर मंडईपर्यंत जा, पण शिरताना डावीकडून शीर, उजवीकडे चिखल आहे. आणि नसेलच मिळत तर फोन कर, आपल्या मनाने पुदिना आणू नकोस.’ यातली कोथिंबीर म्हणजे ‘काय’. बाकी सगळं ‘कसं’. कॉडला नेमकं हे ‘कसं’ मोडीत काढायचं होतं. ते निघालंही. काही वर्षं बाहेर राहिलं आणि मग मागच्या दाराने परत आलं. त्या मागच्या दाराला स्टोअर्ड प्रोसीजर म्हणतात.

त्याआधी ‘कसं’चंच राज्य होतं. आयबीएमची आयएमएस नावाची प्रणाली चंद्रावर माणूस नेणाऱ्या अपोलो मोहिमेच्या असंख्य सुट्या भागांचा हिशेब ठेवायला जन्माला आली. तिच्यात माहितीची रचना झाडाची. एखादा बोल्ट शोधायचा तर प्रोग्रामरने मुळापासून फांदीफांदीने चढत जायचं, आणि कोणी फांद्यांची रचना बदलली की सगळे प्रोग्राम एकदम खाली. पण ही प्रणाली उत्तम खपत होती, त्यामुळे घरातल्याच कॉडचं कौतुक करायची आयबीएमला घाई नव्हती. कौतुक बाहेरच्यांनी केलं. कॅलिफोर्नियात लॅरी एलिसन आणि मंडळींनी आयबीएमचे छापील निबंध वाचले आणि 1979 मध्ये ओरॅकल नावाचा डेटाबेस बाजारात आणला. त्याच्या पहिल्या आवृत्तीचं नाव होतं आवृत्ती दोन. एक नंबरची आवृत्ती निघालीच नाही, कारण कोणत्याही गोष्टीची पहिली आवृत्ती शहाणं गिऱ्हाईक घेत नाही. माहिती खरी कशी ठेवावी याचं शास्त्र विकणाऱ्यांनी दुकान उघडलं ते असं.

दरम्यान आयबीएममध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी 1974 मध्ये ‘सीक्वेल’ ही भाषा मांडली होती. त्यांच्या डोळ्यांपुढे प्रोग्रामर नव्हतेच. हिशेबनीस, अभियंते, वास्तुविशारद, नगररचनाकार अशा लोकांनी स्वतः बसून डेटाबेसला प्रश्न विचारावेत, अशी त्यांची कल्पना होती. पुढे एका ब्रिटिश विमान कंपनीचा त्या नावावर हक्क निघाला, तेव्हा स्वर गाळून एसक्यूएल एवढंच ठेवलं. स्वर गेले तसे हिशेबनीसही गेले. पन्नास वर्षांनंतर कुठल्याही कंपनीच्या अकाउंट्स खात्याचं एसक्यूएलशी नातं एवढंच, की ते फोन करून म्हणतात, ‘ते जरा एक्सेलमध्ये पाठवा ना.’

भाषा मात्र खरोखर सुटसुटीत होती. ‘सिलेक्ट’ म्हणून काय हवं ते, ‘फ्रॉम’ म्हणून टेबल, ‘व्हेअर’ म्हणून अट: शहर सातारा. संपलं. आधी कुठलं टेबल उघडायचं, कुठला इंडेक्स धरायचा, हे ठरवायला सर्व्हरच्या पोटात ऑप्टिमायझर नावाचा एक जीव बसवलेला असतो. कुठल्या टेबलात साधारण किती माल आहे याचे आकडे तो बाळगून असतो. त्यावरून तो चार वाटा मांडून बघतो, प्रत्येकीचा खर्च काढतो आणि त्यातली स्वस्त वाट धरतो. माणसाने त्याच्यावर भरवसा टाकून चहाला जावं, एवढंच बाकी होतं. पण सांगून झाल्यावर गप्प बसणं जमेल तर तो प्रोग्रामर कसला?

म्हणून 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात सायबेसने सर्व्हरच्याच घरात सूचनांची यादी, म्हणजेच स्टोअर्ड प्रोसीजर, लिहून ठेवायची सोय केली. ओरॅकलने 1992 साली सातव्या आवृत्तीत ती आणली. मायएसक्यूएल 2005 पर्यंत थांबलं. पोस्टग्रेस तर ‘आमच्याकडे फंक्शन आहे, भागतंय’ असं म्हणत 2018 पर्यंत बसून राहिलं आणि मग अकराव्या आवृत्तीत त्यानेही लोकाग्रहास्तव प्रोसीजर दिली. आता या यादीत ‘जर’ आहे, ‘तर’ आहे, ‘नाहीतर’ आहे, ‘होईपर्यंत करत राहा’ आहे. म्हणजे देवळाशेजारच्या मावशी, त्या नसल्या तर मंडई आणि मंडईतला चिखल, सगळं आलं.

मायएसक्यूएलमध्ये तर एक गंमतच आहे. अर्धविराम दिसला की वाक्य संपलं, असं तिथला क्लायंट समजतो. पण प्रोसीजरच्या पोटात पन्नास अर्धविराम असतात. म्हणून लिहायला बसण्यापूर्वी त्याला ‘डिलिमिटर’ म्हणून बजावावं लागतं, की बाबा रे, आता पुढे बराच वेळ अर्धविराम आला तरी मी थांबलो असं समजू नकोस. दोन तिरक्या रेघा काढेन तेव्हाच माझं बोलणं संपलं. आपलं बोलणं इतक्यात संपणार नाही याची लेखी पूर्वसूचना देण्याची सोय इतर कुठल्या व्यवहारात मी पाहिलेली नाही. सभा-संमेलनांतल्या वक्त्यांना ती सक्तीची करायला हरकत नाही.

प्रोसीजरचे गुण नाकारता येणार नाहीत. बाहेरच्या प्रोग्रामने फक्त नाव घ्यायचं आणि सोबत पॅरामीटर द्यायचे: ग्राहक दे, क्रमांक 1042. आतल्या दहा क्वेऱ्यांसाठी नेटवर्कवरून दहा हेलपाटे पडत नाहीत. एकदा जाणं, एकदा येणं. टेबलाला हात लावायची परवानगी कोणालाच द्यायची नाही, फक्त प्रोसीजर चालवायची द्यायची, म्हणजे पगाराचं टेबल कोणी सहज म्हणून उघडत नाही. नावाच्या रकान्यात अवतरणचिन्ह आणि त्यामागे टेबल उडवायचा हुकूम लिहिणाऱ्या चावटांचाही बंदोबस्त होतो, कारण पॅरामीटर म्हणून आलेला मजकूर हा मजकूरच राहतो, त्याचा हुकूम होत नाही. अर्थात आतमध्ये कोणी तोच मजकूर जोडून-जोडून नवी क्वेरी शिवली आणि चालवली, तर बंदोबस्त गेला वाऱ्यावर. दाराला कुलूप लावून चावी पायपुसण्याखाली ठेवण्याची कला आपल्याला शिकवावी लागत नाही.

ही सगळी विद्या आपल्याकडे इंजिनीअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये पदरी पडते. पुस्तक ठरलेलं: सिल्बरशॅट्झ, कोर्थ आणि सुदर्शन. यातले एस. सुदर्शन आपल्या पवईच्या आयआयटीचे, हे पुस्तकाच्या झेरॉक्सवर अभ्यास करणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही, कारण झेरॉक्स सहाव्या प्रकरणापासून सुरू होते. लॅबमध्ये वर्षानुवर्षं युजरनेम स्कॉट आणि पासवर्ड टायगर. ब्रूस स्कॉट हा ओरॅकलचा सुरुवातीच्या काळातला प्रोग्रामर आणि टायगर हे त्याच्या मुलीचं मांजर. पासवर्ड कोणाला सांगू नये, हा धडा मुलं अख्ख्या वर्गाला पाठ असलेल्या मांजराच्या नावाने लॉगिन करून शिकतात.

आत गेलं की ‘एम्प’ टेबल. त्यात चौदा माणसं, आणि त्यांच्यावर पिढ्यानपिढ्या पोसलेले आपण. किंग हा अध्यक्ष, पगार 5000. स्मिथ हा कारकून, पगार 800, रुजू झाल्याची तारीख 17 डिसेंबर 1980. त्यानंतर वेतन आयोग किती आले आणि किती गेले, स्मिथ आजही आठशेवर आहे. ‘डेप्ट’ टेबलात चार खाती आहेत आणि त्यांतलं बोस्टनचं ऑपरेशन्स खातं पूर्ण रिकामं आहे. खातं मंजूर, जागा भरलेली नाही. हे टेबल अमेरिकेत बनलं यावर भारतीय विद्यार्थ्याचा विश्वास बसत नाही.

पण खरी करुण कहाणी कमिशनच्या रकान्यात आहे. टर्नर सेल्समन आहे, त्याचं कमिशन शून्य. स्मिथ कारकून, त्याचं कमिशन शून्यसुद्धा नाही, नल आहे. म्हणजे टर्नरला कमिशन मिळू शकलं असतं पण मिळालं नाही, आणि स्मिथच्या बाबतीत प्रश्नच उपस्थित होत नाही. आता ‘पगार अधिक कमिशन’ अशी रेकॉर्डं काढा. टर्नरला त्याचे 1500 मिळतात. स्मिथचे 800 अधिक नल, बरोबर नल. कष्टाचे आठशेही गेले. हा नल दुसऱ्या नलच्या बरोबर आहे का असं विचारलं तर सर्व्हर ‘हो’ म्हणत नाही, ‘नाही’ही म्हणत नाही, सांगता येत नाही म्हणतो. नल आहे का हे विचारायचीही खास रीत आहे. बरोबरचं चिन्ह वापरून विचारलं तर उत्तर म्हणून एकही रेकॉर्ड येत नाही, आणि चुकीचं विचारलंत असंही कोणी सांगत नाही.

ओरॅकलच्या पीएल/एसक्यूएल भाषेत प्रोसीजर लिहून एखादं रेकॉर्ड काढणं हाही संयमाचा विषय आहे. ‘सिलेक्ट इन्टू’ लिहून माहिती चलात घ्यायची, तर अटीत बसणारं रेकॉर्ड नेमकं एकच असायला लागतं. एकही नाही निघालं, तर ‘नो डेटा फाउंड’ म्हणून काम थांबलं. दोन निघाली, तर ‘टू मेनी रोज’ म्हणून थांबलं. कमी चालत नाही, जास्तही चालत नाही. यावर विद्यार्थ्यांत पिढीजात चालत आलेला चार शब्दांचा तोडगा आहे: ‘व्हेन अदर्स देन नल’. काहीही बिघडलं, तरी काही झालं नाही असं समजून पुढे चला. यामुळे त्रुटीचा संदेश येत नाही, उत्तरही येत नाही, आणि जर्नलवर सही मात्र येते. हाच तोडगा घेऊन विद्यार्थी नोकरीला लागतो.

नोकरीत पहिल्या आठवड्यात कानावर पडणारं वाक्य म्हणजे ‘ते एसपीत आहे.’ एसपी म्हणजे स्टोअर्ड प्रोसीजर. कमिशन कसं काढतात? एसपीत आहे. हा ग्राहक यादीत का दिसत नाही? एसपीत आहे. एसपीत नक्की काय आहे, ते लिहिणारा मनुष्य आता कॅनडात असतो. म्हणून आपण ती उघडायला जातो आणि तिथे एका थोर व्यक्तीची गाठ पडते. मायक्रोसॉफ्टच्या साधनात ‘न्यू स्टोअर्ड प्रोसीजर’ म्हटलं की एक साचा पुढे येतो. त्याच्या डोक्यावर लेखकाचं नाव, तारीख आणि वर्णन लिहायला जागा असते, आणि तिथे नमुना म्हणून ‘ऑथर, स्वल्पविराम, स्वल्पविराम, नेम’ असं छापलेलं असतं. ते बदलायचं असतं. ते कोणी बदलत नाही. त्यामुळे हिंजवडीपासून खराडीपर्यंत जिथे जावं तिथे प्रोसीजरचा लेखक एकच, श्रीयुत ऑथर,,नेम. इतका कष्टाळू माणूस झाला नाही. बँकांत त्याचं काम आहे, विम्यात आहे, इस्पितळांत आहे. वर्णनाच्या जागी तो ‘डिस्क्रिप्शन’ एवढंच लिहितो. स्वतःच्या कामाबद्दल बोलणं त्याच्या स्वभावात नाही.

त्याच साच्यात खाली ‘सेट नोकाउंट ऑन’ अशी ओळ तयार मिळते. दर वाक्यामागे ‘इतक्या ओळी झाल्या, इतक्या ओळी झाल्या’ असं सर्व्हर पुटपुटत असतो, ते बंद करायचा हा हुकूम. तीनशे ओळींच्या सूचना देणाराच ऐकणाऱ्याला आधी ‘जास्त बोलू नकोस’ असं बजावतो.

नावांचा प्रकार आणखी निराळा. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरच्या स्वतःच्या प्रोसीजरची नावं ‘एसपी’ आणि अंडरस्कोरने सुरू होतात. आपल्या प्रोसीजरला तसं नाव देऊ नका, तसं दिलं तर सर्व्हर आधी मास्टर नावाच्या डेटाबेसात डोकावून येतो, असं मायक्रोसॉफ्ट वर्षानुवर्षं कळवळून सांगत आहे. म्हणून आपण तसंच देतो. मग एसपी गेट कस्टमर. ती बिघडू नये म्हणून तिची प्रत काढून एसपी गेट कस्टमर न्यू. पुढे न्यू वन, फायनल, फायनल लेटेस्ट, आणि शेवटी मोठ्या अक्षरांत ‘डू नॉट डिलीट’. या सहांपैकी चालू प्रोग्राम कुठली वापरतो? पहिली. बाकीच्या पाचांना हात लावायची हिंमत मात्र कोणात नाही, न जाणो महिन्याच्या अखेरीला कुठलातरी रिपोर्ट त्यांतल्या एकीच्या दारात यायचा.

सर्व्हरही या बाबतीत मोठ्या मनाचा आहे. अस्तित्वातच नसलेल्या टेबलातून रेकॉर्डं काढायची प्रोसीजर लिहिली, तरी ती तयार करताना एसक्यूएल सर्व्हर हरकत घेत नाही. चालवायच्या वेळेपर्यंत टेबल येईल कुठूनतरी, असा त्याचा उदार विचार. प्रोसीजरने प्रोसीजरला बोलवायचं, तिने तिसरीला, अशी साखळी तो बत्तीस पायऱ्यांपर्यंत सहन करतो. तेहतिसाव्याला हात जोडतो. मर्यादा बत्तीसच का, असं कुरकुरणारेही पाहिले आहेत.

एक प्रोसीजर साधी कशी राहत नाही, तेही बघण्यासारखं आहे. सुरुवातीला ती ग्राहकाचा क्रमांक घेऊन ग्राहक देते. मग एके दिवशी मॅनेजर टेबलापाशी येऊन उभे राहतात.

‘अगं, ती ग्राहकाची एसपी आहे ना, तिच्यात फक्त तालुका टाकायचाय.’

‘सर, परवाच जिल्हा टाकला.’

‘हो, पण क्लायंटला तालुक्यावरून शोधायचंय. दिला तर बघायचा, नाही दिला तर सोडायचा. किती वेळ लागेल?’

‘सर, टेस्टिंग धरून दोन दिवस.’

‘दोन दिवस कशाला? एकच तर अट आहे.’

अशा एकेक अटीने प्रोसीजरला तीस पॅरामीटर होतात, आणि प्रत्येकाची भाषा ‘दिलं असेल तर बघ, नसेल तर सोड’ अशी. तीस जण काहीही देऊ शकतात किंवा काहीच देणार नाहीत, अशा सर्व शक्यतांना पुरून उरेल अशी एकच वाट ऑप्टिमायझरने आखून ठेवायची. तो बिचारा काय करणार? अख्खं टेबल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एका प्रोसीजरला 2100 पर्यंत पॅरामीटर देता येतात, ही माहिती मॅनेजरांच्या कानावर जाणार नाही याची खबरदारी प्रत्येक टीम घेते.

या सगळ्याचं शिखर म्हणजे कर्सर. कॉडचा सगळा भर संचावर होता: अटीत बसतील ती सगळी रेकॉर्डं एकदम घ्या, त्यांचं जे करायचं ते एकदम करा. कर्सरमध्ये एकेक रेकॉर्ड पुढे बोलवायचं, त्याची कागदपत्रं तपासायची, त्यावर काय ते करायचं, त्याला रवाना करायचं आणि ‘नेक्स्ट’ म्हणायचं. दोन लाख रेकॉर्डं असतील तर दोन लाख वेळा. जे काम एका ‘अपडेट’ने चहा गार व्हायच्या आत झालं असतं, ते रात्रीचं जेवण, झोप आणि सकाळचा नाश्ता होईपर्यंत चालतं. पण हे लिहिणाऱ्याच्या चेहऱ्यावरचं समाधान बघा. त्याला एकेका रेकॉर्डाकडे जातीने लक्ष दिल्याचा आनंद असतो. ‘आपली एसपी रात्रभर चालते,’ हे तो कौतुकाने सांगतो.

ऑप्टिमायझरचाही एक दोष सांगायला हवा, नाहीतर लेख एकतर्फी होईल. प्रोसीजर पहिल्यांदा चालते तेव्हा आलेले पॅरामीटर हुंगून तो वाट आखतो आणि ती जपून ठेवतो. पुढच्या प्रत्येकाला तीच वाट. समजा, सकाळी सर्वांत आधी कोणी सिंधुदुर्गातले ग्राहक मागितले. ते मोजकेच. ऑप्टिमायझर म्हणतो, इंडेक्समधून एकेक नाव काढू आणि टेबलात जाऊन त्याचं रेकॉर्ड आणू. उत्तम. दहा वाजता पुण्याचे ग्राहक मागितले जातात. ते काही लाख. पण वाट सकाळचीच, त्यामुळे काही लाख वेळा इंडेक्स, टेबल, इंडेक्स, टेबल. पडद्यावर चक्र फिरत राहतं. मग फोनाफोनी सुरू होते.

‘हँग झालंय.’

‘माझ्याकडे तर दोन सेकंदांत आलं.’

‘तुम्ही काय टाकलंत?’

‘सिंधुदुर्ग.’

यावर शास्त्रशुद्ध उपाय आहेत: प्रोसीजर नव्याने आखायला लावणं, आकडे ताजे करणं, क्वेरीला तशी सूचना देणं. व्यवहारात सर्व्हर बंद करून सुरू करतात. त्यानंतर पहिला येणारा पुण्याचं मागतो, वाट नव्याने आखली जाते, सगळं सुरळीत चालतं, आणि ‘रीस्टार्टने होतं’ हे ज्ञान पुढच्या पिढीकडे जातं.

घाई झालेल्यांसाठी ‘नोलॉक’ नावाची एक चीज आहे. कोणी टेबलात बदल करत असेल तर त्याचं पूर्ण होईपर्यंत वाचणाऱ्याने थांबायचं, असा शिष्टाचार असतो. नोलॉक लिहिलं की वाचणारा थांबत नाही. त्यामुळे अर्धवट लिहिलेलं, पुढे मागे घेतलं जाणारं, क्वचित एकच रेकॉर्ड दोनदा आणि क्वचित एखादं अजिबात नाही, असं काहीही हाती येऊ शकतं; पण लगेच येतं. बेरीज दोन वेळा काढली तर दोन वेगळी उत्तरं येतात, आणि मीटिंगमध्ये सोयीचं वापरता येतं.

या सर्वांवर डीबीएची, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याची, करडी नजर असते. डीबीएकडून टेबल बघायची परवानगी मिळवणं ही वेगळीच साधना आहे. परवानगी नसताना ओरॅकलमध्ये टेबल मागितलं, तर ‘तुला अधिकार नाही’ असं उत्तर येत नाही. ‘असं टेबल किंवा व्ह्यू अस्तित्वात नाही’ असं येतं. शेजारच्या मॉनिटरवर ते टेबल उघडं दिसत असतं, त्यात रेकॉर्डं दिसत असतात, आणि आपल्याला सांगितलं जातं की ते नाही. तिकीट टाकायचं, तीन दिवस थांबायचं, तीन सह्या व्हायच्या, की ते अस्तित्वात येतं.

आता डेटाबेसवाले आणि ॲप्लिकेशनवाले यांचा वाद. ॲप्लिकेशनवाले म्हणतात, सगळं डोकं आमच्या कोडमध्ये ठेवा. डेटाबेस फक्त गोदाम. प्रोसीजर कोणाला तपासता येत नाही, उद्या ओरॅकल सोडून पोस्टग्रेसवर जायचं झालं तर सगळी नव्याने लिहावी लागते. डेटाबेसवाले म्हणतात, माहिती जिथे आहे तिथेच तिचा विचार व्हावा. तुमची साधनं पडद्याआड कसल्या क्वेऱ्या बनवतात ते आम्ही रात्री बघतो, तुम्ही झोपलेले असता. दोघांचंही खरं आहे, त्यामुळे वाद मिटायची भीती नाही. पण दोघांच्या भांडणात एक गोष्ट झाकली जाते. ‘कसं’ सांगायचा सोस दोघांनाही सारखाच. भांडण फक्त ते कोणाच्या फायलीत लिहायचं, याचं आहे.

आणि इथे कथेला एक वळण आहे, तेही पवईकडून आलेलं. सुदर्शन यांच्या मार्गदर्शनाखाली आयआयटी मुंबईत डॉक्टरेट केलेले कार्तिक रामचंद्र पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. तिथे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फ्रॉइड’ नावाचं तंत्र उभं केलं. प्रोसीजरची धाकटी बहीण म्हणजे फंक्शन. लोक त्यात ‘जर-तर’ लिहून ते क्वेरीत घालतात, आणि सर्व्हर ते दर रेकॉर्डामागे एकदा चालवत बसतो. फ्रॉइड ते फंक्शन वाचतं, त्यातल्या सगळ्या ‘कसं’मधून लिहिणाऱ्याला मुळात ‘काय’ हवं होतं ते हुडकून काढतं, त्याची साधी रिलेशनल मागणी बनवतं आणि ऑप्टिमायझरच्या हाती देतं. 2019 च्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये हे तंत्र आलं. कर्सरच्या फेऱ्यांचं असंच काही करता येईल का, यावर रामचंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 मध्ये आणखी एक निबंध छापला.

म्हणजे कॉडने ‘सांगू नका’ असं म्हटलं होतं. ते काही जमलं नाही. तेव्हा नव्या संशोधकांनी जास्त व्यवहारी मार्ग काढला: लोकांना हवं तेवढं सांगू द्या, यंत्राने मान डोलवावी, सगळं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं, आणि मग आपल्या पद्धतीने काम उरकावं. प्रोग्रामरला आपलं ऐकल्याचं समाधान, सर्व्हरला मोकळीक, आणि रेकॉर्डं वेळेवर. याहून शहाणी तडजोड सुचणं कठीण.

फक्त ज्यांनी हे तंत्र बनवलं, त्यांनी ते बंद करायची सोयही ठेवली आहे. डेटाबेसमागे एक सेटिंग, हवं तर एकेका फंक्शनमागेही. नव्या आवृत्तीची घोषणा झाली, टीमच्या बैठकीत हे सगळं तासभर नीट समजावून सांगण्यात आलं. सीनियर मन लावून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘म्हणजे आपण लिहिलंय तसं ते करणार नाही?’

‘नाही सर, पण उत्तर तेच येईल, आणि कितीतरी लवकर.’

‘मग आधी ते बंद कर.’